तळघर, खोली चार, वापरकर्ते: एक

विद्यापीठात कुणाला काही हवं झालं, म्हणजे नवी खोली, जुन्या खोलीला खिडकी, खिडकीला जाळी, की तो आधी मोठ्या साहेबांकडे जातो. मोठे साहेब चहा पाजतात आणि मान डोलावतात. मग तो छोट्या साहेबांकडे जातो. ते चहा पाजत नाहीत, नुसतीच मान डोलावतात. शेवटी थकूनभागून तो दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो. तिथे बसतो रांगोबा. तो मान डोलावत नाही. तो अर्ज घेतो, त्यावर आकडा टाकतो आणि म्हणतो, "नंबर येईल."

हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं मानसशास्त्रवाल्यांनी, आणि त्यांना तसं कारणही होतं. त्या विभागातल्या दोन प्राध्यापकांनी आपल्या टेबलांमध्ये भिंत घालून मागितली होती. तीन वर्षांनी नंबर लागला, भिंत झाली. त्यानंतर दोघांनी वेगवेगळे अर्ज केले, की भिंत एक फूट पलीकडे सरकवावी. पलीकडे म्हणजे अर्थातच दुसऱ्याच्या बाजूला. रांगोबाने दोन्ही अर्जांना शेजारशेजारचे आकडे दिले आणि दोघांनाही तेच सांगितलं. नंबर येईल. तेव्हापासून हा रांगोबा.

प्रकल्प कक्ष म्हणजे ही एक खोली, चार कपाटं आणि हा एक माणूस. मागण्या आता कॉम्प्युटरवर येत. रांगोबा त्या छापून घेई, भोकं पाडून दोरीत ओवी आणि मग वाचायला बसे. कॉम्प्युटरमध्ये अर्ज मेलेला दिसतो, हातात घेतला की बोलतो, असं त्याचं म्हणणं. आणि अर्ज बोलत, यात शंका नाही. रसायनवाल्यांना सोफा हवा होता, कारण: प्रयोग होईपर्यंत वाट पाहण्यासाठी. इतिहासवाल्यांना जुनी कपाटं काढून नवी हवी होती, पण जुनी दिसणारी. गणितवाल्यांनी 'वापरकर्ते किती' या रकान्यात साडेअकरा लिहिलं होतं. विचारल्यावर म्हणाले, एक जण अर्धवेळ आहे.

तो 'वापरकर्ते किती' रकाना मात्र रांगोबाचा स्वतःचा. पूर्वी तो नव्हता. पूर्वी ज्या विभागप्रमुखाचा समितीत जास्त वशिला त्याची भिंत आधी रंगे आणि ज्याचा नाही त्याचं छत पाच-पाच वर्षं गळे. रांगोबा कक्षात नवा होता तेव्हा त्याने हे बघितलं आणि एक दिवस समितीपुढे कागद ठेवला. साधा हिशेब होता. त्या खोलीत रोज प्रत्यक्ष किती माणसं काम करतात? ज्या कामाचा उपयोग जास्त माणसांना, ते काम आधी. बस. समितीला तो कागद फार आवडला, कारण त्यामुळे आपसात भांडायला लागत नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या आणि रांगोबा त्या दिवशी दोन बोटं उंच होऊन घरी गेला.

आता रकाना आला की खोट्या आकड्यांचं पीक यायचंच. भाषा विभागात विद्यार्थी अकरा. थंड पाण्याच्या यंत्राच्या अर्जात त्यांनी वापरकर्ते लिहिले नऊशे. रांगोबाने फोन केला.

"सर, नऊशे कसे?"

"अहो, येणाऱ्याजाणाऱ्याला तहान नाही का लागत?"

रांगोबा एक सबंध दिवस त्यांच्या जिन्याखाली स्टूल टाकून बसला आणि पाणी प्यायला थांबणारी माणसं मोजली. त्रेचाळीस. त्यात तो स्वतः दोनदा प्यायला ते त्याने वजा केलं. लाल पेन्सिलीने नऊशेवर काट मारून त्रेचाळीस लिहिलं. तेव्हापासून विद्यापीठात लोक वरच्या साहेबांना घाबरत नसत इतके त्या लाल पेन्सिलीला घाबरत.

माणूस खडूस होता, असं नव्हे. गोष्टीवेल्हाळ होता. पण त्याच्या गोष्टी ऐकणारं माणूस जगात एकच होतं, आणि आता तिच्याकडे वळायला हवं.

ती त्याची मोठी बहीण. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तो नऊ वर्षांचा असताना आईवडील पाठोपाठ गेले. ही एकवीस वर्षांची. हिने लग्नाचा विषय बंद केला आणि भूशास्त्र विभागाच्या तळघरात नोकरी धरली. काम दगड कापायचं. त्यामुळे विभागात तिला सगळे पाथरवटीण म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडे.

तिचं काम समजावून घेण्यासारखं होतं. सुपारीएवढा दगडाचा तुकडा घ्यायचा, त्याची एक बाजू गुळगुळीत करायची, ती काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग फिरत्या चाकावर तो घासत न्यायचा. केसाहून पातळ होईपर्यंत. इतका पातळ झाला की दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटातलं सगळं दिसतं. पण थोडं कमी घासलं तर काळोख आणि एक घास जास्त झाला तर दगड गायब, हातात नुसती काच. मग थांबायचं कधी? पुस्तकात मोजमापं दिली होती. पाथरवटीण कानाने थांबे.

"दगड सांगतो रे," ती म्हणायची. "आधी खरखर करतो, मग कुरकुर करतो, आणि शेवटी बारीक शिट्टी मारतो. शिट्टी आली की हात उचलायचा."

वर्षाला शेकडो पट्ट्या करायची आणि त्यांतल्या दोन बिघडायच्या. तिसरी बिघडली तर त्या संध्याकाळी जेवायची नाही.

रांगेचं वेडही त्याला हिनेच लावलेलं. लहानपणी बसच्या रांगेत तो एकदा लोकांच्या पायांतून पुढे घुसला. हिने सगळ्यांसमोर कान धरून त्याला मागे आणलं, अगदी शेवटी. "आपल्याला कुणी नाही म्हणून आपण पुढे घुसायचं नाही," ती म्हणाली. "आपल्याला कुणी नाही म्हणूनच घुसायचं नाही." त्याला तेव्हा अर्थ कळला नव्हता, पण कान बराच वेळ लाल राहिला.

तर संध्याकाळी सहा वाजता घराच्या गॅलरीत दोन खुर्च्या पडत. ताईच्या भुवयांत दगडाचं पीठ अडकलेलं असे. ती चहा घेई आणि म्हणे, "हं, आज कोण?" की याची सुरुवात. सोफा, भिंत, साडेअकरा. तो विभागप्रमुखांच्या नकला करी, गोष्ट ऐन टोकाला आली की मुद्दाम थांबे, चहाचा घोट घेई, आणि त्या थांब्यातच ताई हसायला लागे. त्याची बायको आतून म्हणे, "वन्सं, तुम्ही हसता म्हणून यांना चेव चढतो." ताई म्हणे, "चढू दे गं, दिवसभर बिचारा नंबरच देतो."

मग विद्यापीठातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेची तक्रार आली. तिथे हवेचा कॉम्प्रेसर होता. तो सुरू झाला की शिकवणाऱ्याचं तोंड हलताना दिसे, ऐकू काही येत नसे. तो तिथून हलवा, असा अर्ज. वापरकर्ते एकशे चाळीस. रांगोबा स्वतः जाऊन मोजून आला. एकशे अडतीस निघाले, म्हणजे जवळजवळ संतच. अर्ज यादीत पहिला आला.

हलवायचा तर कुठे? इंजिनीयरने आराखडा पाठवला. नवी जागा: भूशास्त्राची इमारत, तळघर, खोली चार. त्याच्याखाली रांगोबाच्याच फॉर्ममधला दुसरा रकाना होता, 'त्रास होणारे वापरकर्ते'. त्यात लिहिलं होतं: एक.

खोली चारमधला तो एक कोण, हे रांगोबाला कुणी सांगायला नको होतं. तो कागद त्याने दोन दिवस टेबलावर ठेवला. मनाला विचारलं, खोली चारमध्ये दुसरं कुणी असतं तर मी हरकत घेतली असती का? मनाने खरं उत्तर दिलं. नसती घेतली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करणाऱ्यांची तोंडं बंद करायलाच तर आपण तो रकाना काढला. त्याने सही केली.

संध्याकाळी गॅलरीत सांगितलं. "ताई, तुझ्याकडे पाहुणा येतोय."

"कोण?"

"कॉम्प्रेसर. एकशे अडतीस लोकांना नकोसा झालाय."

"येऊ दे," ताई म्हणाली. "मला तरी तळघरात कोण आहे. सोबत होईल."

सोबत झाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

पहिल्या वर्षी ताई घरी आली की अर्धा तास हातवारे करून बोले आणि मग स्वतःच हसे. विभागाने कानांवर लावायला जाडजूड टोप्या दिल्या. त्या लावल्या की कॉम्प्रेसर ऐकू येत नसे, पण दगडही ऐकू येत नसे. तिने त्या खिळ्याला टांगून ठेवल्या. कॉम्प्रेसरच्या ढणढणाटातून ती शिट्टी वेचून काढायला ती शिकली, त्यासाठी चाकाशी आणखी वाकून, कान आणखी जवळ नेऊन.

दुसऱ्या वर्षी भूशास्त्राच्या प्रमुखांनी अर्ज पाठवला. कॉम्प्रेसर इमारतीबाहेर शेडमध्ये न्यावा. प्रमुख भला माणूस होता आणि पेन्सिलीचा इतिहास त्याला माहीत होता, म्हणून त्याने वापरकर्त्यांच्या रकान्यात दोनशे बारा लिहून खाली टीप दिली होती, की विभागातले सर्व विद्यार्थी याच खोलीत झालेल्या पट्ट्या वापरतात.

त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या विभागाच्या अर्जात अशी टीप असती तर रांगोबाने काय केलं असतं? काट मारली असती. कारण रकाना स्पष्ट होता: रोज, प्रत्यक्ष, त्या खोलीत काम करणारे. पाणी पिणारे मोजले, तहानलेले नाही. पट्टी वापरणारा काही तळघरात बसत नाही.

त्याने लाल पेन्सिल घेतली, दोनशे बारावर काट मारली आणि वर लिहिलं: १. रेघ नेहमीपेक्षा जरा जास्तच दाबून मारली, की कुणाला वाटू नये हात आखडला म्हणून.

आणि गंमत बघा, याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट अभिमान वाटला. संध्याकाळी ताईला त्याने ही गोष्टसुद्धा सांगितली, अगदी प्रमुखांच्या आवाजात, थांबा घेऊन. "आणि मग मी काय केलं असेल?" चहाचा घोट. "कापला. तुझा अर्ज मीच कापला."

ताई हसली नाही. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरोबर केलंस. लोकांनी नावं ठेवली असती." आणि थोड्या वेळाने, "कितवा नंबर आला?"

"एकतिसावा."

"मग येईल की."

पण रांगोबाच्या रांगेत एक खोट होती, जी कागद करताना कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. बसच्या रांगेत उभा राहिलेला माणूस निदान मागे तरी जात नाही. इथे दर वर्षी नवे अर्ज येत. कुणाचे साठ वापरकर्ते, कुणाचे दोनशे, आणि ते सगळे एकवाल्याच्या पुढे जाऊन उभे राहत. एकतीसचा अडतीस झाला. अडतीसचा चव्वेचाळीस. ताई दर वर्षी विचारी, "कितवा?" तो आधी सांगे. मग "अजून यादी लागली नाही" म्हणू लागला. मग तिने विचारायचं सोडलं.

घरात टीव्हीचा आवाज वाढला. मग फोनची घंटा बायकोच ऐकू लागली. मग ताई सगळ्यांच्या तोंडाकडे बघून बोलू लागली. हे सगळं इतकं हळू झालं की घरातल्या कुणाला अमुक दिवशी कळलं असं झालं नाही. बायकोला आधी कळलं असणार. ती एकदा म्हणालीही, "अहो, वन्संना हल्ली पाठीमागून हाक मारली तर कळत नाही." रांगोबा म्हणाला, "दमलेली असते." विभागात बिघडलेल्या पट्ट्यांची वर्षाची संख्या दोनवरून वीसवर गेली. प्रमुखांनी ताईला बोल लावला नाही. नुसते दगड कमी पाठवायला लागले. ते तिला जास्त लागलं.

रांगोबाला कळलं ते असं. तत्त्वज्ञानाचे एक म्हातारे सर होते. अठरा वर्षं एकच अर्ज करायचे, की माझ्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करून द्या. वापरकर्ते: एक, असं स्वतःच लिहायचे. आणि दर वर्षी रांगोबाच्या खोलीत येऊन विचारायचे, "दार अजून आतच उघडतंय ना? बरं बरं." ताईला या सरांच्या गोष्टी फार आवडत.

त्या संध्याकाळी तो खुर्चीत बसला. म्हणाला, "ताई, ते दाराचे सर." तिने मान हलवली. "आज त्यांच्या विभागाचा शिपाई आला होता. म्हणाला, सरांचा अर्ज काढून टाका." आणि पुढचं त्याच्या तोंडून निघेना. तो थांबला. काहीतरी करायचं म्हणून त्याने चहाचा घोट घेतला.

ताई हसली. नेहमीसारखी, खांदे हलवून, खळखळून.

दारातली बायको हातातलं ताट धरून तशीच उभी राहिली. रांगोबा ताईकडे बघत राहिला. तिचं हसू त्याच्या चेहऱ्यावर येऊन अडखळलं. तिला कळलं की काहीतरी चुकलं. तिने पदर तोंडाला लावला.

"काय झालं त्यांना?" ती म्हणाली. आवाज जरा मोठा, जरा सपाट.

त्याने सांगितलं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. त्याने पुन्हा सांगितलं. बायकोने ताट खाली ठेवलं आणि ताईच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, सर गेले.

"अगं बाई," ताई म्हणाली. आणि मग, त्याच्याकडे न बघता, "तू चहा प्यायलास ना, म्हणून मला वाटलं आता हसायचं."

किती संध्याकाळी ती नुसत्या त्या घोटावर हसली होती, हे विचारायचं धैर्य त्याला कधी झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, कानात यंत्र लावता येईल, पण आत जे मेलं ते मेलं. यंत्र लावलं. त्याने सगळंच सारखं मोठं झालं, भांडी, हॉर्न, माणसं, दगड, सगळ्यांचा एकच गोंगाट. शिट्टी त्यात कुठेच नव्हती. ताईने ते दगडांचे नमुने ठेवायच्या डबीत ठेवलं आणि डबीवर चिठ्ठी लावली: निरुपयोगी, पण सुबक.

आणि मग रांगोबाने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. समितीच्या बैठकीनंतर तो मागे थांबला. अध्यक्षीणबाई कागद आवरत होत्या. त्याने खोली चारचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

"मॅडम, हा जरा पुढे घेता येईल का?"

बाईंनी चष्मा लावला. "वापरकर्ते एक. आणि ही पेन्सिल तर तुमचीच."

"हो."

"मग आज काय झालं?"

त्याला एवढंच म्हणायचं होतं: ती माझी बहीण आहे. चार शब्द. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि म्हणाल्या, "हे बघा, नियम तुमचा आहे. तुम्ही मोडा म्हणालात तर आम्ही मोडतो. आमचं काही अडलेलं नाही."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर भाषा विभागाचे तेच नऊशेवाले सर बसले होते. त्यांनी आत बघून हसून हात केला. अठरा वर्षं दाराची वाट बघून गेलेले म्हातारे सर बाकावर नव्हते, पण रांगोबाला तेही दिसले. त्यांना काय सांगायचं? की तुम्हाला माझ्यासारखा भाऊ नव्हता?

"राहू द्या," तो म्हणाला आणि कागद उचलला.

घरी जाताना त्याच्या लक्षात आलं की तो आपला कान चोळतोय.

पुढच्या वर्षी सुंठीवाचून खोकला गेला. खोली चारच्या बरोबर वरती दोन वर्ग होते. ते मोडून तिथे सभागृह करायचं ठरलं. वापरकर्ते तीनशे. रांगोबाने खुर्च्या मोजल्या, तीनशे भरल्या. सभागृहाचं काम होत आलं तेव्हा इंजिनीयरच्या ध्यानात आलं की खालच्या कॉम्प्रेसरने व्यासपीठ थरथरतंय. वक्त्याच्या ग्लासातलं पाणी नाचतंय. हे काही चालण्यासारखं नव्हतं. तीन आठवड्यांत मागच्या अंगणात शेड उभी राहिली आणि कॉम्प्रेसर तिकडे गेला. आठ वर्षं एकीचे कान खाल्ले तेव्हा तो हलला नाही. पेल्यातल्या पाण्यासाठी हलला.

कॉम्प्युटर हुशार. त्याने खोली चारच्या अर्जापुढे आपणहून लिहिलं: काम पूर्ण. पण रांगोबाच्याच नियमाप्रमाणे प्रत्येक कामाच्या शेवटी एक पत्रक भरावं लागे. काम समाधानकारक झालं का? प्रत्यक्ष लाभ झालेले वापरकर्ते किती? आणि खाली वापरणाऱ्याची सही. पत्रक तो एरवी शिपायाबरोबर पाठवी. हे घेऊन तो स्वतः निघाला.

त्या जिन्याने तो कधी उतरलाच नव्हता. आराखड्यात खोली चार बोटभर होती. प्रत्यक्षात ती लांबट निघाली, एका कडेला दगडांच्या फळ्या, मध्ये चाक, आणि भिंतीपाशी फरशीवर चार भोकं, जिथे कॉम्प्रेसर बोल्टने आवळलेला होता. ताईच्या खुर्चीपासून चार पावलं. त्याने ती चालून बघितली. चारच.

ताई पाठमोरी होती. त्याने खांद्याला हात लावला तेव्हा दचकली नाही. तिला त्याची चप्पल दिसली असावी.

"पत्रक आणलंस?" ती म्हणाली. "परवाच नेला त्याला. या ताटलीतलं पाणी हलायचं थांबलं."

त्याने जवळचा एक जुना अर्ज पालथा करून टेबलावर ठेवला आणि खिशातून पेन्सिल काढली. हल्ली ते दोघे असेच बोलत, ती तोंडाने आणि तो लाल अक्षरांत.

"आता कसं वाटतं इथे?" तिने विचारलं. "म्हणजे, ऐकायला."

त्याने लिहिलं, शांत.

"एवढंच? एरवी सोफ्याच्या अर्जावर अर्धा तास बोलतोस."

त्याने कान देऊन ऐकलं. मग लिहायला लागला. नळ ठिबकतोय. वरती कुणीतरी खुर्ची ओढतंय. बाहेर दोन मुली जिन्यावर हसतायत. तुझी एक चप्पल करकरते.

ताईने ते वाचलं, खाली बघितलं आणि दोन पावलं चालली. "डावी?"

त्याने मान हलवली.

"कधीपासून करकरत असेल," ती म्हणाली.

मग पत्रक. काम समाधानकारक झालं का, तिथे तिने होयवर खूण केली. पुढचा रकाना त्याने भरायचा होता. लाभ झालेले वापरकर्ते किती. रांगोबाने पेन्सिल टेकवली आणि ती तिथेच राहिली. पंचवीस वर्षांत या हाताने खोटा आकडा लिहिला नव्हता. खोलीत रोज काम करणारं माणूस एक. शांततेचा लाभ झालेलं माणूस, मोजून, शून्य. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर त्याने एकावर काट मारली असती.

ताई त्याच्या हाताकडे बघत होती. रकाना तिने उलटा वाचला. तिला समजवावं लागलं नाही.

"एक लिही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, नाही.

"अरे, शून्य लिहिलंस तर काय होईल? उद्या कुणाच्या तरी डोक्यावर काहीतरी ढणढणत असेल. ते जागा शोधतील. ज्या खोलीत कुणालाच त्रास नाही अशी. तुझा कागद काढतील आणि आणून ठेवतील इथेच." ती बोटाने फरशीवरची चार भोकं दाखवत होती. "मी नोकरीत आणखी आठ महिने आहे. माझ्यानंतर जी येईल तिला कान असतील. लिही."

त्याने लिहिलं. एक. आकडा जरा वाकडा आला. तिने खाली सही केली, तारीख टाकली, आणि पत्रकावर सांडलेली दगडाची पूड फुंकरीने उडवली.

"जरा थांब," ती म्हणाली. "आलाच आहेस तर कामाला ये. ही पट्टी प्रमुखांनी मुद्दाम पाठवलीय, फार दुर्मीळ दगड आहे म्हणे. मी घासते. शिट्टी आली की माझ्या कोपराला हात लाव."

तिने चाक सुरू केलं, पाण्याची धार सोडली आणि काच टेकवली. रांगोबा तिच्या मागे उभा राहिला. खरखर सुरू झाली. लहानपणापासून तो या आवाजाच्या गोष्टी ऐकत आला होता, पण आवाज पहिल्यांदा ऐकत होता. खरखर, मग ती म्हणायची तशी कुरकुर. ताईची मान चाकाशी वाकलेली होती, कान अगदी जवळ, जुन्या सवयीने. त्या वाकलेल्या मानेकडे तो बघत राहिला. केस पांढरे झाले होते आणि त्यांत पीठ, त्यामुळे कुठलं काय ते कळत नव्हतं.

मग बारीक, लांबट, दूर कुठेतरी कुणी बोलावल्यासारखी शिट्टी आली. ही ती, असं त्याच्या मनात आलं. आणि ती खरंच किती गोड होती, हे ऐकत तो क्षणभर उभाच राहिला. मग त्याने कोपराला हात लावला.

ताईने हात उचलला. पट्टी उजेडाकडे धरली. काच स्वच्छ होती. आरपार समोरची खिडकी दिसत होती, आणि दगड कुठेच नव्हता.

ती रागावली नाही. तिने काच पुसली आणि बाजूच्या डब्यात टाकली.

"उशीर झाला रे," ती म्हणाली, आणि फळीवरून पुढचा दगड घेतला.